ताट वेगळं, टॉवेल एकच

घरात कुणाला टीबी निघाला की त्याच दिवशी त्याचं ताट, वाटी, पेला वेगळा होतो. कुणी सांगावं लागत नाही. ती भांडी मोरीच्या एका कडेला पडतात, वेगळी घासली जातात, आणि आजारी माणूस म्हणजे घरची सून असेल तर बहुतेक वेळा तिची तिलाच घासावी लागतात. वास्तविक टीबी भांड्यांतून पसरत नाही. तो हवेतून पसरतो. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, बोलतो तेव्हा बाहेर पडणारे अगदी बारीक कण बंद खोलीत कितीतरी वेळ तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासातून आत जातात. खिडक्या उघड्या ठेवल्या, रुग्णाने सुरुवातीचे काही आठवडे मास्क लावला आणि औषधं एक दिवसही न चुकवता घेतली, तर घरच्यांचा बचाव होतो. ताट वेगळं करून काहीही साधत नाही. माणूस एकटा पडतो, एवढंच.

आता त्याच घरात जरा इकडेतिकडे बघा. बेसिनशेजारच्या खिळ्याला एकच नॅपकिन लटकतोय आणि घरातले सगळे त्यालाच हात-तोंड पुसतात. आजी, आजोबा आणि काका, तिघांची साखर एकाच मशीनवर तपासली जाते, बोट टोचायचं पेनही तेच. माठात ज्याला तहान लागेल तो पेला बोटांसकट बुडवतो. याचं मात्र कुणालाच काही वाटत नाही.

वस्तूंमधून होणाऱ्या संसर्गाच्या बाबतीत आपली भीती एकीकडे आणि धोका दुसरीकडे, असं वर्षानुवर्षं चालू आहे. घरात तेच, रुग्णालयातही तेच. नेमकं कुठे घाबरायचं हे कळण्यासाठी जंतू वस्तूवरून माणसापर्यंत येतो तरी कसा, ते आधी पाहू.

जंतूची वाट

वस्तूवरून आजार व्हायचा तर बऱ्याच गोष्टी एकापाठोपाठ जुळून याव्या लागतात. जंतू वस्तूवर पुरेशा संख्येने पडायला हवा. दुसऱ्याचा हात लागेपर्यंत तो तिथे जिवंत राहायला हवा. मधल्या वेळात ती वस्तू कुणी नीट पुसलेली नसावी. आणि शेवटी त्या हाताने जंतूला हवं असलेलं दार गाठायला हवं: डोळा, नाक, तोंड, जखम, किंवा शरीरात घातलेली सलाईनची वा लघवीची नळी. यातलं एक जरी हुकलं तरी पुढचं टळतं.

टीबीचा जंतू ताटावर पडला तरी तिथून पुन्हा हवेत उडून कुणाच्या फुप्फुसाच्या तळाशी जाऊ शकत नाही, म्हणून ताट निर्धोक. एचआयव्ही एका ताटात जेवल्याने, एकमेकांचे कपडे घातल्याने किंवा एक संडास वापरल्याने पसरत नाही. करोनाच्या पहिल्या काही महिन्यांत आपण दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या आणि भाजी तासभर बाल्कनीत ठेवली. ती भीती समजण्यासारखी होती, कारण मार्च २०२० मध्ये प्रयोगशाळेतल्या चाचणीत हा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत, तर पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत तग धरताना आढळला होता. पण हा आजार मुख्यतः हवेतून होतो हे पुढे स्पष्ट झालं. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून करोना होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. यातून अनेकांनी असा अर्थ काढला, की वस्तूंवरून काहीच पसरत नाही. तो अर्थ चुकीचा आहे. एक विषाणू वस्तूवरून सहजी पसरत नाही म्हणून दुसराही पसरत नाही असं होत नाही.

लहान बाळांना छातीचा त्रास देणारा आरएसव्ही नावाचा विषाणू घ्या. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे डॉ. कॅरोलिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधा पण फार विचारपूर्वक आखलेला प्रयोग केला. तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयातल्याच कर्मचाऱ्यांतून स्वयंसेवक घेतले आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाने आजारी बाळाला जवळ घेतलं, दूध पाजलं, दुपटी बदलली. दुसरा गट बाळाच्या जवळपासही फिरकला नाही. बाळाला खोलीतून नेल्यावर हे लोक आत गेले, बाळाच्या नाकातलं पाणी जिथे लागलं होतं त्या पृष्ठभागांना त्यांनी हात लावला आणि मग तोच हात स्वतःच्या नाका-डोळ्यांना लावला. तिसरा गट बाळाच्या खाटेपासून सहा फुटांहून जास्त अंतरावर नुसता बसून राहिला. बाळ सांभाळणाऱ्या ७ जणांपैकी ५ जणांना संसर्ग झाला. नुसत्या वस्तूंना हात लावणाऱ्या १० जणांपैकी ४ जणांना झाला. लांब बसलेल्या १४ जणांपैकी एकालाही नाही. बाळ समोर नसताना, केवळ त्याच्या पाळण्याच्या कठड्याने चौघांना गाठलं होतं.

याच संशोधकांनी हा विषाणू कशावर किती वेळ टिकतो तेही मोजलं होतं. ओट्यासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर ६ तासांपर्यंत, रबरी हातमोज्यावर दीड तासापर्यंत, कापडी गाऊनवर आणि कागदी रुमालावर अर्धा-पाऊण तास, माणसाच्या कातडीवर जेमतेम २० मिनिटं. कापडावर जंतू जास्त टिकत असतील असा आपला समज असतो. पुष्कळ विषाणूंच्या बाबतीत उलट आहे. कोरडं कापड त्यांना शोषून घेतं आणि सहजी सोडत नाही. स्टील, प्लास्टिक, काच यांच्यावर मात्र ते वरच्या वर बसतात आणि बोट लागताच बोटावर येतात. कापड ओलं राहिलं की मात्र सगळं बदलतं. त्याकडे पुढे येऊ.

जिवाणू तर याहून चिवट. रुग्णालयातल्या जखमा चिघळवणारा, बऱ्याच प्रतिजैविकांना दाद न देणारा एमआरएसए कोरड्या पृष्ठभागावर आठवड्यापासून ते ७ महिन्यांपर्यंत जगलेला आहे. आयसीयूतला नेहमीचा उपद्रवी असिनेटोबॅक्टर ३ दिवसांपासून ५ महिन्यांपर्यंत. आणि शेवटच्या दाराचं म्हणाल, तर ऑस्ट्रेलियात वर्गात बसलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचं चित्रीकरण करून मोजलं तेव्हा ते तासाला सरासरी २३ वेळा स्वतःच्या चेहऱ्याला हात लावताना दिसले, त्यातही जवळपास निम्म्या वेळा डोळे, नाक किंवा तोंडाला. जंतूंचा अभ्यास करणाऱ्यांची ही गत, तर तुमची-माझी वेगळी कशी असेल?

वॉर्डात फिरणाऱ्या वस्तू

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या लहान मुलांच्या रुग्णालयात २०२० च्या सुमारास एक तपासणी झाली. फुलकोबीला रोग करणाऱ्या एका विषाणूच्या डीएनएचा तुकडा प्रयोगशाळेत बनवला, जो माणसाला काहीच करत नाही. तो पाण्यात मिसळला आणि त्या पाण्याचा थोडासा अंश विलगीकरणाच्या खोलीतल्या एका खाटेच्या कठड्याला लावला. एकाच खाटेच्या. मग वॉर्डभर ठिकठिकाणचे नमुने घेतले. १० तासांनी नमुने घेतलेल्या ४१ टक्के जागांवर तो तुकडा सापडला. दारांच्या मुठी, बसायच्या जागेतल्या खुर्च्यांचे हात, मुलांची खेळणी आणि पुस्तकं, सगळीकडे. तिसऱ्या दिवशी हे प्रमाण निम्म्याहून जास्त झालं. विलगीकरणाची खोली म्हणजे जंतू अडवण्याचीच खोली, आणि तिथूनही तो बाहेर आला, कारण खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्या हातांना आणि वस्तूंना भिंती नसतात.

हे डोळ्यासमोर ठेवून आपल्याकडच्या एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात सकाळच्या वेळी उभं राहा. सिस्टर बीपीचं मशीन घेऊन पहिल्या खाटेपासून निघतात. पट्टा पहिल्याच्या दंडाला गुंडाळला, हवा भरली, आकडा केसपेपरवर लिहिला, पट्टा सोडला, दुसऱ्याच्या दंडाला. दुसऱ्याच्या दंडावर घाम आहे, तिसऱ्याच्या दंडावर गळू फुटलेलं आहे. पाठोपाठ बोटाला लावायचा ऑक्सिमीटर त्याच क्रमाने फिरतो. मग डॉक्टरांचा राउंड येतो. स्टेथोस्कोप छातीवर, पाठीवर, मग गळ्यात, मग पुढच्या छातीवर. केसपेपरची फाइल रुग्णाच्या पायाशी पांघरुणावर ठेवली जाते आणि तिथून पुन्हा टेबलावरच्या गठ्ठ्यात जाते. चाळीस खाटांच्या वॉर्डात दोन सिस्टर असतील तर प्रत्येक रुग्णानंतर थांबून पट्टा पुसा, हे त्यांना सांगायला तोंड हवं. मी त्यांना दोष देत नाही. पण जंतूला ही अडचण कळत नाही.

स्टेथोस्कोपबद्दल जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात २०१४ मध्ये स्पष्ट उत्तर मिळालं. डॉक्टरांनी निर्जंतुक स्टेथोस्कोपने रुग्ण तपासले आणि लगेच हाताच्या वेगवेगळ्या भागांवरचे व स्टेथोस्कोपवरचे जंतू मोजले. छातीला टेकवायच्या चकतीवर बोटांची टोकं सोडून हाताच्या बाकी कुठल्याही भागापेक्षा जास्त जंतू निघाले. हात धुवायचा नियम आहे, चकतीला मात्र तो नियम कुणी लावत नाही. स्पिरिटच्या बोळ्याने ती पुसायला काही सेकंद लागतात.

या विषयातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी घटना इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डची आहे. जॉन रॅडक्लिफ रुग्णालयाच्या मेंदूविकारांच्या आयसीयूत कॅन्डिडा ऑरिस ही बुरशी घुसली. २००९ मध्ये जपानमधल्या एका वृद्ध बाईच्या कानातून ही प्रथम ओळखली गेली, आणि २०१३ मध्ये दिल्लीच्या रुग्णालयांतूनही तिची नोंद झाली. अनेक औषधांना ती जुमानत नाही आणि प्लास्टिकवर कित्येक आठवडे जगते. ऑक्सफर्डला फेब्रुवारी २०१५ ते ऑगस्ट २०१७ या काळात ७० रुग्णांच्या अंगावर किंवा अंगात ती सापडली. त्यातल्या ७ जणांच्या शरीरात ती खोल शिरली. खोल्या साफ केल्या, नमुने घेतले. भिंती, फरशी, हवा यांत तिचा फारसा पत्ता लागेना. मग संशोधकांनी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत काय काय वापरलं गेलं याची तुलना केली, आणि सगळी बोटं एकाच वस्तूकडे वळली. ती होती काखेत ठेवायची, तापमान सतत दाखवणारी छोटी वायर, म्हणजे टेम्परेचर प्रोब. मेंदूच्या रुग्णाचा ताप सतत पाहावा लागतो म्हणून ती लावलेली असे, आणि एकाची काढली की दुसऱ्याला लागे. काख उबदार आणि दमट, बुरशीला हवी तशी. प्रोबवर बुरशी सापडली. हे प्रोब वापरातून काढून टाकल्यावरच साथ आटोक्यात आली.

जगातल्या उत्तम मानल्या जाणाऱ्या रुग्णालयांपैकी एकात, अडीच वर्षं, ७० रुग्ण, आणि कारण काय तर काखेतली वायर. कुठलीही मोठी शस्त्रक्रिया नाही की महागडं यंत्र नाही. असं का होतं त्याला एक कारण आहे. अमेरिकेतले डॉ. अर्ल स्पॉल्डिंग यांनी रुग्णालयातल्या साधनांची विभागणी केली, ती आजही जगभर पाळली जाते. शरीराच्या आत, रक्तात जाणारी साधनं पूर्ण निर्जंतुक हवीत. तोंड, घसा, आतडं अशा ओल्या अस्तराला लागणारी साधनं तीव्र जंतुनाशकातून काढलेली हवीत. आणि नुसती धड कातडीला लागणारी साधनं साधी स्वच्छ पुसली तरी चालतील. विभागणी योग्यच आहे. पण व्यवहारात तिसऱ्या गटाचं 'पुसली तरी चालतील' हे 'नाही पुसली तरी चालतील' असं होऊन बसतं. शस्त्रक्रियेची कात्री ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, निघाली की नाही याची वहीत नोंद असते. बीपीचा पट्टा शेवटचा कधी धुतला याची नोंद कुठे असते? हा पट्टा सिस्टरांनी पुसायचा, मामांनी की मावशींनी, हेच ठरलेलं नसतं. फरशी पुसण्याचं काम मावशींचं, हे पक्कं असतं, म्हणून फरशी दिवसातून तीनदा पुसली जाते, आणि फरशीला तर कुणाचा हातही लागत नाही.

नजरेला स्वच्छ दिसणं इथे फसवं ठरतं. अमेरिकेतल्या काही रुग्णालयांत, साध्या डोळ्यांना न दिसणारा पण विशिष्ट प्रकाशात चमकणारा जेल रुग्णाच्या खोलीतल्या नेहमी हात लागणाऱ्या वस्तूंवर ठिपक्यासारखा लावून ठेवला. रुग्ण घरी गेल्यावर खोलीची सफाई झाली, मग दिवा मारून पाहिलं. निम्म्याच्या आसपास ठिपके जसेच्या तसे होते. म्हणूनच, एमआरएसए किंवा तशा जंतूचा रुग्ण ज्या खोलीत राहून गेला त्या खोलीत पुढे येणाऱ्या रुग्णाला तोच जंतू लागण्याची शक्यता वाढते, असं अनेक ठिकाणी दिसून आलं आहे. दोघांची कधी गाठही पडलेली नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना रुग्णालयातच किमान एक नवा संसर्ग होतो. सगळेच वस्तूंमधून होत नाहीत, नळ्या आणि शस्त्रक्रियेच्या जखमा हीही मोठी कारणं आहेत. पण त्या नळीपर्यंत जंतू पोचवणारा हात बहुतेक वेळा आधी कशाला तरी लागून आलेला असतो.

रुग्णासोबत राहणाऱ्या नातेवाइकांबद्दल दोन शब्द. आपल्याकडे शेजारच्या खाटेवरच्या आजींना पाणी पाजणं, त्यांना उठून बसायला हात देणं, त्यांचा फोन चार्ज करून देणं हे सगळे करतात, आणि ते थांबवा असं मी मुळीच म्हणणार नाही. फक्त त्यांच्या खाटेवरून आपल्या माणसाकडे येताना हात धुऊन किंवा सॅनिटायझर चोळून या. खाटेचा कठडा, लॉकरचं वरचं फळकूट, सलाईनच्या स्टँडचा दांडा आणि बेल, एवढ्या चार जागा दिवसातून एक-दोनदा जंतुनाशक वाइपने पुसल्या तरी पुष्कळ झालं. स्वतःचा मोबाइलही पुसा, कारण हात धुतल्या धुतल्या आपण पहिल्यांदा त्यालाच हात लावतो. घरून थर्मामीटर नेता आला तर न्या. आणि "सिस्टर, पट्टा एकदा पुसून घेता का?" असं नम्रपणे विचारायला संकोच करू नका.

एक अपवाद ध्यानात ठेवायला हवा. प्रतिजैविकांच्या मोठ्या कोर्सनंतर काही रुग्णांना क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूमुळे तीव्र जुलाब लागतात. त्याचे बीजाणू, म्हणजे जाड कवचातली त्याची सुप्त रूपं, सॅनिटायझरने मरत नाहीत. अशा रुग्णाची सेवा करताना साबण आणि वाहतं पाणीच लागतं.

घरातला नॅपकिन, पेन आणि करदोटा

आता त्या ओल्या कापडाकडे. हात साबणाने छान धुतले आणि दिवसभर दमट राहिलेल्या, सगळ्यांच्या नॅपकिनला पुसले, तर जे धुऊन टाकलं त्यातलं बरंचसं परत घेतलं. नाही पुसले तरी पंचाईत, कारण ओल्या हाताला जंतू चिकटतातही लवकर आणि ओल्या हातावरून ते दुसरीकडे जातातही लवकर. त्यामुळे हात कोरडे करणं हा हात धुण्याचाच भाग आहे. प्रत्येकाचा स्वतःचा छोटा रुमाल, वेगळ्या खिळ्याला किंवा वेगळ्या रंगाचा, रोज धुऊन उन्हात टाकलेला. याला खर्च जवळजवळ नाही.

२०२३ च्या जुलैत आळंदीत आणि तिथून राज्यभर डोळ्यांची साथ पसरली, तेव्हा हा एक बदल घरोघरी झाला असता तर किती घरांत दुसऱ्याचे डोळे यायचे वाचले असते. डोळे आलेल्या माणसाकडे बघितल्याने डोळे येतात, म्हणून काळा चष्मा लावायचा, हा समज अजून जात नाही. चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो आणि डोळ्याला सारखा हात लागत नाही, तेवढा त्याचा उपयोग. बाकी संसर्ग जातो तो डोळ्याच्या पाण्याने ओल्या झालेल्या बोटांतून, टॉवेलातून, उशीच्या अभ्र्यातून आणि दोघांनी मिळून वापरलेल्या ड्रॉप्सच्या बाटलीतून. काजळाची एकच डबी घरातल्या सगळ्या पोरींना लावणं हेही त्यातलंच. खुपरी या आजाराने एके काळी देशात असंख्य लोकांची दृष्टी घेतली. बोटं, माश्या आणि एकमेकांचे रुमाल हेच तिचे रस्ते होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून तिचं उच्चाटन केल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं, त्यामागे औषधांइतकाच स्वच्छ पाण्याचा आणि धुतलेल्या चेहऱ्यांचा वाटा आहे.

टॉवेलचा दुसरा, आणि आज जास्त छळणारा प्रवासी म्हणजे गजकर्ण. गेल्या दहा वर्षांत आपल्याकडे गजकर्णाने रूप बदललंय. पूर्वी दोन आठवडे मलम लावलं की जाणारा नायटा आता महिनोन्‌महिने हटत नाही आणि एकामागून एक सगळ्या घराला होतो. यामागच्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला तिच्यातले बरेच वाण दाद देत नाहीत, आणि आता ती अमेरिका-युरोपातही पोचली आहे. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबने खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आत मोकाट वाढते. ती ट्यूब कुणाच्याही सांगण्यावरून लावू नका.

ही बुरशी सुटलेल्या कातडीच्या बारीक पापुद्र्यांसोबत कपड्यांत राहते, तीही बराच काळ. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपडे घरातल्या दोरीवर दोन-दोन दिवस दमट लटकतात. जीन्सच्या शिवणी, अंतर्वस्त्रांचं इलॅस्टिक, ब्राचे पट्टे हे तर आतून कधी वाळतच नाहीत. गजकर्ण झालेल्याचे कपडे, टॉवेल, चादर बाकीच्यांच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा, शक्यतो कढत पाण्यात, साधारण ६० अंशांच्या. उन्हात उलटे करून वाळवा, ऊन नसेल तर इस्त्री फिरवा, शिवणींवर जास्त. आणि ज्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही ती वस्तू म्हणजे कमरेचा करदोटा. घामाने कायम ओला, कधी न काढलेला, आणि नेमका जांघेच्या वर. मनगटातले धागे, गंडे यांचंही तेच. उपचार चालू असेपर्यंत ते काढून ठेवा असं त्वचारोगतज्ज्ञ आवर्जून सांगतात. श्रद्धेचा प्रश्न असेल तर बरं झाल्यावर नवा बांधा.

रक्ताशी संबंध येणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. हिपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातही, किमान ७ दिवस संसर्ग करण्याजोगा राहतो आणि त्यासाठी डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशही पुरतो. दाढीचं रेझर, टूथब्रश, नेलकटर ही ज्याची त्याची हवीत. सलूनमध्ये ब्लेड समोर बदललेलं पाहा. आणि साखर तपासायचं ते पेन. पुष्कळांना वाटतं, सुई प्रत्येकासाठी नवी घातली की झालं. तसं नाही. पेनाचं जे टोक बोटाला टेकतं तिथेही रक्त लागतं. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत अशाच टोचायच्या साधनांच्या सामायिक वापरातून हिपटायटिस बीच्या साथी झालेल्या आहेत. मशीन एक असलं तर प्रत्येक वापरानंतर पुसून चालवता येईल, पेन मात्र प्रत्येकाचं वेगळंच, आणि त्यावर नाव. लसही आहे. घरात एकाला हिपटायटिस बी असेल तर बाकीच्यांनी तपासणी करून लस घ्यावी.

माठाचं उत्तर आपल्या आज्यांकडे होतंच. लांब दांड्याचं ओगराळं घ्यायचं, ते माठाशेजारी अडकवायचं आणि त्यानेच पाणी काढायचं. कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांत १९८०च्या दशकात पटकीच्या रुग्णांच्या घरी अरुंद तोंडाच्या सुरया वाटल्या गेल्या, ज्यात हात जातच नाही. त्या घरांत बाकीच्यांना होणारा संसर्ग सुरई न दिलेल्या घरांपेक्षा बराच कमी निघाला. पाणी तेच, भांड्याचं तोंड तेवढं वेगळं. खाली तोटी असलेला माठ हेच काम करतो.

स्वयंपाकघरातलं ओटा पुसायचं फडकं आणि भांडी घासायची घासणी यांच्यावर लांबण लावत नाही. ओली राहतात म्हणून जंतू वाढतात. रोज पिळून उन्हात टाका, मटण-मासळीचा ओटा पुसलेलं फडकं लगेच धुवा, घासणी वरचेवर बदला.

उलट्या-जुलाबाची साथ घरात आली की मात्र जास्त सावध राहायला हवं. नोरोव्हायरस नावाच्या विषाणूचे अवघे काही डझन कणही आजार करायला पुरतात. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनचा शाळकरी मुलींचा फुटबॉल संघ स्पर्धेसाठी बाहेरगावी गेला होता. एका मुलीला रात्री हॉटेलच्या बाथरूममध्ये उलट्या झाल्या. त्याच बाथरूममध्ये खाऊची एक पिशवी ठेवलेली होती, बिस्किटं, वेफर्स, द्राक्षं असलेली. त्या मुलीने पिशवीला हातही लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती पिशवी जेवणाच्या वेळी दुसऱ्या खोलीत उघडली गेली, आणि आणखी ७ जणी आजारी पडल्या. पिशवीच्या बाहेरच्या बाजूवर विषाणू सापडला. उलटीचे तुषार उडून तिथे बसले होते. म्हणून घरात कुणाला उलट्या होत असतील तर बाथरूममधून बाकीच्यांचे ब्रश, टॉवेल, बादलीतलं साठवलेलं पाणी आधी बाहेर काढा.

पुसायचं कसं

नुसतं सॅनिटायझर फवारून लगेच कोरडं केलं तर फारसा उपयोग होत नाही. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढायचा, कारण मळ असला की जंतुनाशक त्यातच संपतं. मग जंतुनाशक लावायचं आणि पृष्ठभाग काही मिनिटं ओला राहू द्यायचा. किती मिनिटं ते बाटलीवर लिहिलेलं असतं. थर्मामीटर, ऑक्सिमीटर, स्टेथोस्कोपची चकती यांना ७० टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल पुरतं. नोरोव्हायरसवर अल्कोहोल नीट चालत नाही, तिथे ब्लीच लागतं. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ४ टक्के लिहिलं असेल तर १ लिटर पाण्यात २५ मिलिलिटर घातलं की दाराच्या मुठी, नळ, कठडे पुसण्याजोगं द्रावण होतं. उलटी किंवा जुलाब सांडलेल्या जागेसाठी १२५ मिलिलिटरपर्यंत घ्या, आधी हातमोजे घालून कागदाने सगळं उचला, मग द्रावण ओतून निदान ५ मिनिटं थांबा आणि शेवटी साध्या पाण्याने पुसा, नाहीतर धातूवर डाग पडतात. द्रावण रोज ताजं करा, कारण पातळ केलेल्या ब्लीचची ताकद लवकर जाते. आणि ब्लीच कधीही संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये मिसळू नका, दोन्ही एका पाठोपाठही ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि छोट्या बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. दार-खिडकी उघडी ठेवूनच हे काम करा.